ऑनलाइन खेळात तीन तारे, पाटीवर मात्र 43 − 17 = 34. लहान वर्गांत हे खेळ तुम्ही कसे वापरता?

बालाघाट | 2 सप्टेंबर, रात्री 9:50

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथी माझ्याकडे आहे. पट 23. गावाने लोकवर्गणीतून एक स्मार्ट टीव्ही आणि दोन टॅब घेऊन दिलेत, मुलांच्या हातात द्यायचं तिसरं यंत्र म्हणजे माझा फोन. जूनपासून मुलं टॅबवर गणिताचे ऑनलाइन खेळ खेळतात. आळीपाळीने दहा-दहा मिनिटं. हजेरी सुधारली, हे मी छातीठोकपणे सांगते. सोमवारी बाजाराच्या दिवशी गायब होणारी पोरंसुद्धा टॅबची पाळी चुकवत नाहीत.

पण गेल्या आठवड्यात एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. तिसरीतल्या एका मुलीने (तिला इथे चिमणी म्हणू) वजाबाकीच्या खेळाच्या सगळ्या पायऱ्या पार केल्या. प्रत्येक पायरीला तीन तारे. मी खूश होऊन तिला फळ्याजवळ बोलावलं आणि पाटीवर 43 − 17 घातलं. तिने क्षणभरही न थांबता 34 लिहिलं. चारातून एक गेला तीन, सातातून तीन गेले चार. वरचा अंक कुठला, खालचा कुठला, याचा पत्ताच नाही. मोठ्यातून लहान काढायचा, एवढंच तिला माहीत.

मग तिसरीच्या सगळ्यांना तेच गणित दिलं. 11 पैकी 7 जणांचं उत्तर 34.

माझ्या हातात वेळ थोडा आहे. दिवाळी झाली की वर्गातली निम्मी मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातील. काही हंगामी वसतिगृहात राहतील, पण चिमणी जाणाऱ्यांतली आहे. म्हणून मनापासून विचारते. हे खेळ ठेवू की बंद करू? ठेवायचे तर कसे? ज्यांनी खरोखर लहान मुलांबरोबर वापरलेत त्यांनी सविस्तर लिहा.

कृष्णामाई | 2 सप्टेंबर, रात्री 10:25

ताई, पहिली गोष्ट, तुम्ही पाटीवर तपासून पाहिलंत याबद्दल तुमचं कौतुक. बरेच जण ताऱ्यांवरच थांबतात.

मी सातारा जिल्ह्यातून निवृत्त झाले. आमच्याकडे कुमठे बीटमध्ये (म्हणजे तिथल्या शाळांच्या गटात) ज्ञानरचनावादाचं, म्हणजे मुलाने स्वतः करून शिकण्याचं काम उभं राहिलं, तेव्हा राज्यभरातून शिक्षक बघायला येत. तिथे काय दिसायचं? फरशीवर आखलेली चित्रं, खडे, बिया, काड्यांचे गठ्ठे. मूल हातांनी दशक सुटा करायचं. 43 म्हणजे चार गठ्ठे आणि तीन काड्या. सात काड्या द्यायच्यात आणि हातात तीनच आहेत, तर मूल स्वतःच गठ्ठ्याचं रबर काढतं. ते रबर काढणं टॅबवर कुठे होतं?

माझं मत स्पष्ट आहे. तिसरीपर्यंत टॅब कपाटात.

पानगळ | 2 सप्टेंबर, रात्री 10:40

वाचतोय. टीव्ही आणि टॅबला लोकवर्गणी देणाऱ्या गावाला आधी नमस्कार.

कोडेसोडे | 2 सप्टेंबर, रात्री 11:30

मी पुण्यात मुलांचे शैक्षणिक खेळ बनवण्याच्या कामात आहे, म्हणून आतली बाजू सांगतो.

ताई, तुमच्या खेळात उत्तराला चार पर्याय येतात का? आणि चुकीचा दाबला तर काय होतं? माझा अंदाज असा की "ट्यँव" असा आवाज येतो, तो पर्याय पुसट होतो आणि मूल दुसरा दाबतं. चौथ्या दाबाला तर कुणाचंही उत्तर बरोबरच येणार. तारे गणित "पूर्ण" केल्याचे मिळतात, पहिल्या फटक्यात बरोबर आल्याचे मिळत नाहीत. म्हणजे चिमणी एक खेळ शिकली आहे, पण तो वजाबाकीचा नाही.

दुसरं म्हणजे पर्याय कसे निवडलेत ते बघा. 43 − 17 साठी 26, 91, 5, 70 असे पर्याय असतील तर मूल वजाबाकी न करता अंदाजाने 26 दाबेल. चांगल्या खेळात 34 हा पर्याय असायलाच हवा, कारण तीच नेमकी चूक मुलं करतात. आणि 34 दाबल्यावर खेळाने थांबून गठ्ठा सुटा करून दाखवायला हवा. असे खेळ बनवायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात, म्हणून बाजारात ते कमी दिसतात. नुसता आवाज आणि फटाके उडवणारे ढिगाने.

कृष्णामाई, तुमच्याशी निम्मा सहमत. काड्या पहिल्या, यात वाद नाही. पण स्पर्शाने गठ्ठा फोडता येईल असं पडद्यावरही करता येतं, आणि झालेलंही आहे. त्याबद्दल पुढे कुणी लिहिलं नाही तर मी लिहीन.

न्यूजर्सीकर | 3 सप्टेंबर, सकाळी 6:15

इथे दुसरीपासूनच वर्गात प्रत्येकाच्या पुढ्यात लॅपटॉप. मुलगी एक गणिताचा खेळ खेळते, त्यात राक्षसाशी लढाई असते, गणित सोडवलं की वार होतो. शाळेत फुकट. घरी उघडला की दर थोड्या वेळाने "सदस्य व्हा, मग पेटी उघडेल". वर्गात ज्यांच्या पालकांनी पैसे भरलेत त्यांच्या पात्राला चमकदार कपडे. सात वर्षांच्या पोरीने मला विचारलं, "बाबा, आपण गरीब आहोत का?"

मी एक संध्याकाळ घड्याळ लावून शेजारी बसलो. वीस मिनिटांत तिने नऊ गणितं सोडवली. बाकी सगळा वेळ टोपी निवडण्यात आणि नकाशावर चालण्यात गेला. बालाघाट ताई, तुमच्या दहा मिनिटांत खरी गणितं किती होतात ते एकदा मोजून बघा.

मोरपीस | 3 सप्टेंबर, सकाळी 8:05

आमच्या पहिलीतल्या भाच्याचा प्रश्न: "चार्जिंग संपलं की गणितपण संपतं का?" 😀

रानवाट | 3 सप्टेंबर, दुपारी 2:10

नंदुरबार जिल्ह्यातल्या पाड्यावरची शाळा. इथे "ऑनलाइन" हा शब्दच जपून वापरावा लागतो. रेंज शाळेमागच्या टेकडीवर येते, तीही वारा असेल तशी. तरी खेळ वापरतो, कारण नेट नसताना चालणारे खेळ आहेत. जीकॉम्प्री नावाचा मुक्त संच आहे, शंभराहून जास्त छोटे खेळ, जाहिरात नाही, पैसे नाहीत. तालुक्याला गेलो की जुन्या लॅपटॉपवर भरून आणतो.

माझी मुलं घरी पावरी बोलतात. पहिलीत त्यांना मराठी पुस्तकाची भाषाच परकी. गुगलचं रीड अलाँग मी या मुलांसाठी वापरलं. मूल मोठ्याने मराठी गोष्ट वाचतं, फोन ऐकतो, अडखळलं तर शब्द म्हणून दाखवतो. गोष्टी आधी उतरवून ठेवल्या की नेट लागत नाही. एक मुलगा माझ्यासमोर तोंड उघडत नव्हता. फोन घेऊन तो आंब्याखाली जायचा आणि एकटाच वाचायचा. महिनाभराने माझ्यासमोर वाचू लागला. फोनसमोर चुकलं तर कुणी हसत नाही, एवढाच फरक होता.

कृष्णामाई, म्हणून टॅब कपाटात ठेवायला माझं मन होत नाही.

साडेमाडे | 3 सप्टेंबर, संध्याकाळी 7:30

थोडं विषयांतर, पण याच धाग्यातलं. ऑनलाइन खेळात आवाज "एकवीस" म्हणतो आणि मुलाने 21 ला टिचकी मारायची असते. मराठी मूल "एक" आधी ऐकतं आणि 12 दाबतं. इंग्रजी आवाज "ट्वेंटी वन" म्हणतो तेव्हा दशक आधी येतो. माझ्या मुलीने मराठी खेळात चुका केल्या आणि इंग्रजीत नाही, तर शिक्षिकेने सांगितलं की तिची संख्यांची ओळख कच्ची आहे!

तळेगावकर | 3 सप्टेंबर, रात्री 8:00

@साडेमाडे, 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक" अशी वाचनाची रीत जोडीला दिली होती, तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय ना? मंगला नारळीकर त्या समितीच्या अध्यक्ष होत्या. जोडाक्षरं आणि उलटा क्रम यात मुलं अडकतात, हेच त्या सांगत होत्या. मला तेव्हा राग आला होता. "एकोणसाठ" मेलं तर मराठीचं काय उरणार, असं वाटलं होतं. आता नातू शिकताना बघतो तेव्हा त्यांचं म्हणणं कळतं.

म्यूनिकवासी | 3 सप्टेंबर, रात्री 11:20

जर्मनीतही हेच. 21 ला "आइन-उंट-त्स्वान्त्सिग", म्हणजे एक आणि वीस. इथली मुलंही अंक उलटे लिहितात. "वीस-एक" असं म्हणायची मुभा असावी म्हणून झटणारी एक संस्थाच इथे आहे. तेव्हा तळेगावकर काका, हे दुखणं फक्त आपलं नाही.

शेवंता | 4 सप्टेंबर, सकाळी 9:15

मला "एकोणसाठ" हवंच आहे. 60 ला एक उणा, हे गणितच आहे की त्या शब्दात! मुलांना फोड करून सांगा, शब्द टाकू नका.

घरोघरी | 4 सप्टेंबर, सकाळी 11:00

मी आई म्हणून लिहिते. शाळेत "शैक्षणिक खेळ" सुरू झाला की घरी त्याच नावाखाली फोन मागितला जातो. "बाईंनी सांगितलंय" हे वाक्य रोज. पाच मिनिटांनी बघावं तर मोटारींची शर्यत चालू. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने 2022 मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली, ते मला फार पटलं. तिथे गावाने मिळून ठरवलं. एकट्या आईने ठरवलं की ती वाईट ठरते.

शिक्षकांना एकच विनंती. शाळेतला खेळ शाळेतच ठेवा. घरी "गृहपाठ" म्हणून देऊ नका.

सातबारा | 4 सप्टेंबर, दुपारी 1:40

वकिलीत असल्यामुळे एक मुद्दा. फुकटच्या खेळात मुलांची पूर्ण नावं, जन्मतारीख, फोटो भरू नका. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलाची माहिती घेण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे, आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायलाही मनाई आहे. वर्गासाठी "आंबा", "चिंच", "जांभूळ" अशी टोपणनावं ठेवा. मुलांना मजा येते आणि माहितीही बाहेर जात नाही.

खाडीपलीकडे | 4 सप्टेंबर, रात्री 9:00

ठाण्यात खासगी शाळेत चौथीला शिकवते. कहूट हा ऑनलाइन प्रश्नमंजुषेचा खेळ आमच्याकडे खूप चालतो. नॉर्वेत तयार झालेला, 2013 पासूनचा. त्याचं संगीत सुरू झालं की वर्ग बाकावर उभा राहतो. पण त्यात लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण, आणि प्रत्येक प्रश्नानंतर पडद्यावर पहिल्या पाचांची नावं.

माझ्या वर्गात एक मुलगा सावकाश आणि अचूक विचार करणारा. वहीत त्याचं एकही गणित चुकत नाही. सलग तीन शुक्रवार त्याचं नाव पडद्यावर आलं नाही. चौथ्या शुक्रवारी त्याने पोट दुखतंय सांगितलं. पाचव्यालाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पोट शुक्रवारीच दुखतं.

तेव्हापासून मी वेळ भरपूर ठेवते आणि चौघांत एकच यंत्र देते. उत्तर दाबण्याआधी चौघांनी एकमेकांना पटवायचं, हा नियम. आता तोच मुलगा गटाला अडवून म्हणतो, "थांबा, थांबा, आधी लिहून बघू." आवाज कमी झाला, बोलणं वाढलं. ताई, तुमच्याकडे तीनच यंत्रं आहेत याचं वाईट वाटून घेऊ नका. माझ्या अनुभवाने प्रत्येकाला एक यंत्र हीच जास्त अवघड परिस्थिती आहे.

बालाघाट | 5 सप्टेंबर, रात्री 10:10

सगळ्यांचे आभार, आणि शिक्षकदिनाच्या शुभेच्छा. आज चिमणीच्या शेजारी मांडी घालून बसले आणि काहीही न बोलता फक्त तिची बोटं बघितली.

कोडेसोडे, तुम्ही समोर बसून बघितल्यासारखं लिहिलंत. ती प्रश्न वाचतच नाही. चारही पर्यायांवर डावीकडून उजवीकडे बोट फिरवते. ट्यँव, ट्यँव, टिंग. पुढचं गणित. आणि हे तिने वर्गातल्या इतरांनाही शिकवलंय! "असं केलं की लवकर तारा येतो बाई," हे मला अगदी निरागसपणे सांगितलं. तिने काहीच चुकीचं केलेलं नाही, खेळाने जे मागितलं ते तिने दिलं.

न्यूजर्सीकर, मोजलं. दहा मिनिटांत 31 गणितं. पहिल्या दाबाला बरोबर आली 8. आंधळेपणाने दाबलं तरी चारात एक बरोबर येणारच.

दिडकी | 5 सप्टेंबर, रात्री 10:45

आमच्या वेळी पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ. सागरगोटे खेळताना बेरीज आपोआप व्हायची. टॅब नव्हता, आणि चुकलं तर "ट्यँव" मास्तरांची छडी म्हणायची.

रानवाट | 5 सप्टेंबर, रात्री 11:05

@दिडकी, काका, त्या छडीमुळे किती जण चौथीतच शाळा सोडून गेले त्यांची नावं माझ्या शाळेच्या जुन्या दाखलखारीज रजिस्टरात आहेत. पाठांतर हवं, सागरगोटेही हवेत. छडी नको.

दिडकी | 6 सप्टेंबर, सकाळी 7:20

मान्य. सागरगोट्यांचं मात्र मनावर घ्या.

कोडेसोडे | 6 सप्टेंबर, दुपारी 12:30

म्हटल्याप्रमाणे लिहितो. फेट म्हणून कोलोरॅडो विद्यापीठाचा उपक्रम आहे, 2002 पासूनचा. गणित-विज्ञान पडद्यावर हाताळून बघायचे छोटे भाग त्यात असतात. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी सुरू केला. फुकट, जाहिराती नाहीत, उतरवून घेतलं की नेटशिवाय चालतं, आणि बरेच भाग मराठीत आहेत. त्यातला दहा बनवण्याचा भाग लहान मुलांसाठी आहे. संख्या बोटाने ओढून फोडता येते, दुसऱ्या संख्येला जोडता येते. मोकळं खेळायचं दालन आहे, तिथे कुणी तारेही देत नाही आणि ट्यँवही करत नाही. अपूर्णांकांचा भागही तुमच्या चौथीला चालेल. हे टीव्हीवर लावा, सगळ्यांनी मिळून बघायचं, एकाने ओढायचं, बाकीच्यांनी आधी सांगायचं की आता काय होणार.

आणि सगळ्यांची उत्तरं एकाच वेळी हवी असतील तर प्लिकर्स. मुलाच्या हातात फक्त कागदी कार्ड. प्रत्येक कार्डावर वेगळी चौकटीदार आकृती, चार बाजू म्हणजे चार पर्याय. मूल आपलं उत्तर वर धरतं, तुम्ही फोन वर्गावरून फिरवता, कुणाचं काय उत्तर ते तुमच्या फोनवर उमटतं. शेजाऱ्याला कळत नाही. मूल एकदाच उत्तर देतं, त्यामुळे बोट फिरवायची सोय नाही. फोनला नेट मात्र लागेल. कार्डं लॅमिनेट करू नका, चकाकतात आणि कॅमेऱ्याला वाचता येत नाहीत. साध्या पुठ्ठ्यावर चिकटवा.

खाडीपलीकडे | 6 सप्टेंबर, दुपारी 3:15

प्लिकर्सला दुजोरा. एकच सूचना, मुलं कार्ड धरताना बोट आकृतीवर ठेवतात. कडा धरायला आधी शिकवा, नाहीतर अर्धा वर्ग गैरहजर दिसतो.

मोरपीस | 6 सप्टेंबर, संध्याकाळी 6:00

स्क्रॅच ज्युनियरचं कुणीच नाव घेतलं नाही? पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी आहे, पण आमच्याकडे तिसरीचीही रमतात. चित्रांचे ठोकळे जोडून पात्र हलवायचं, वाचता आलं नाही तरी चालतं. भाच्याने मांजर पाच पावलं पुढे आणि दोन मागे नेलं आणि ओरडला, "तिनावर उभी राहिली!" दुसऱ्याचा खेळ खेळण्यापेक्षा स्वतः बनवण्यात मुलं जास्त वेळ डोकं घालतात, एवढं मी पाहिलंय.

बालाघाट | 21 सप्टेंबर, रात्री 9:30

धागा वर काढते. दोन आठवडे झाले, काय केलं ते लिहिते.

तारेवाला खेळ बंद केला. मुलं दोन दिवस रुसली. चौथीतला एक जण तर म्हणाला, "बाई, तुम्ही आमचे तारे घालवले." मग कृष्णामाईंच्या काड्या आणल्या. ज्वारीच्या धाटाच्या समान कांड्या मुलांनीच कापल्या, दहा-दहाचे गठ्ठे जुन्या सायकल ट्यूबच्या चकत्यांनी बांधले. रोज आधी काड्या, मग टीव्हीवर फेट, मग पाटी. टॅब गटात एक, आणि नियम असा की पाटीवर उत्तर लिहिल्याशिवाय पडद्याला हात नाही.

प्लिकर्सची कार्डंही केली. पहिल्याच दिवशी 43 − 17 घातलं, पर्यायात मुद्दाम 34 ठेवला. सात कार्डं 34 वर. मी बरोबर उत्तर सांगितलंच नाही. फक्त म्हटलं, काही जण 26 म्हणतात, काही 34, शेजाऱ्याला पटवा. चिमणी तिच्या मैत्रिणीशी भांडली. मैत्रिणीने चार गठ्ठे आणि तीन काड्या तिच्यासमोर आपटल्या आणि म्हणाली, "घे, मला सतरा दे." चिमणीने एक गठ्ठा दिला. मग तीन काड्या दिल्या. मग थांबली. बराच वेळ हातातल्या गठ्ठ्याकडे बघत राहिली, आणि चकती सोडवली. मी तीन बाकं दूर उभी होते, ती चकती उडून कुठे गेली ते आम्हाला अजून सापडलेलं नाही.

काल 52 − 28 दिलं. 36 लिहिणारे दोघेच उरले. चिमणीचं 24.

कृष्णामाई | 21 सप्टेंबर, रात्री 10:00

डोळे भरून आले गं बाई. आणि ऐका, टॅब कपाटात ठेवा म्हणाले होते ते मागे घेते. पण क्रम सोडू नका, काड्या पहिल्या.

घरोघरी | 21 सप्टेंबर, रात्री 10:20

पाटीवर लिहिल्याशिवाय पडद्याला हात नाही, हा नियम आजपासून आमच्या घरात.

रानवाट | 22 सप्टेंबर, सकाळी 6:50

ताई, दिवाळीनंतरचं काय ठरवलंत? माझ्याकडचीही काही घरं गुजरातेत ऊसतोडीला जातात. टॅब तर बरोबर देता येत नाही.

बालाघाट | 22 सप्टेंबर, रात्री 8:40

टॅब देता येणार नाही, आणि कोप्यांवर (ऊसतोड्यांच्या झोपड्यांवर) चार्जिंग तरी कुठे? जाणाऱ्या प्रत्येक मुलासाठी कापडी पिशवी शिवून घेतेय. त्यात नऊ गठ्ठे, दहा सुट्या काड्या, चकत्या जादा, पाटी, आणि गणितांची 60 कार्डं, मागे उत्तर न लिहिलेली. दोघा-दोघांनी खेळायचं, काड्यांवर पटवल्याशिवाय कार्ड जिंकायचं नाही. आठवड्यातून एकदा मुकादमाच्या फोनवर मी फोन करणार, एक गणित घालणार. दोन मुकादम तयार झालेत, तिसऱ्याशी रविवारी बोलणार आहे.

60 कार्डांत कोणती गणितं घालू यावर मदत हवी आहे. शेवटचा शून्य असलेली (50 − 23 सारखी) किती ठेवावीत?

कोडेसोडे | 22 सप्टेंबर, रात्री 9:15

निदान दहा ठेवा. तिथे मुलं 33 लिहितात, "शून्यातून तीन जात नाहीत म्हणून तीनच" असं म्हणत. आणि गठ्ठा सुटा न करावा लागणारीही पंधरा-वीस मिसळा, नाहीतर मूल प्रत्येक गणितात सवयीने गठ्ठा फोडेल. उद्या रात्रीपर्यंत 60 ची यादी करून इथेच टाकतो.